रोमहून कँटरबरीस

रविवारची मिस्सा आटोपून हुबळीच्या कमरीपेठेतून घराकडे निघाले की दर वीस पावलांवर थांबावे लागते. ओणीच्या मधोमध तेलाचा रिकामा डबा किंवा एकावर एक रचलेल्या विटा उभ्या असतात, समोरून कोणी तरी चेंडू घेऊन धावत येत असतो, आणि आपण पुढे पाऊल टाकले तर सगळा डाव मोडणार हे ठाऊक असल्याने आपण भिंतीशी अंग चोरून उभे राहतो. कन्नड, मराठी, कोंकणी, उर्दू अशा चार भाषांत भांडण चालते. ‘आऊट’ हा शब्द मात्र चौघांचा एकच. एखादी अक्का वाळवणावर चेंडू पडला म्हणून दारातून ओरडते, मुले कान पाडून ऐकतात, आणि ती आत वळली की खेळ पुन्हा सुरू होतो.

मागल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. आमच्या धर्मग्रामातील मोठ्या मुलांनी एक बेत केला. शेजारच्या प्रॉटेस्टंट मंडळीतील मुलांशी त्यांची शाळेपासूनची ओळख होती. त्यांच्याकडे गोलंदाज चांगले, आमच्याकडे फलंदाज. तेव्हा दोघांचा मिळून एकच संघ करावा आणि नाताळाच्या सुटीत गावोगावच्या संघांशी सामने खेळावेत, असे ठरले. जमलेल्या पैशांतून एका गरीब मुलीच्या शिक्षणाचा खर्च भागवावयाचा, हेही त्यांनीच ठरवले. बेत ऐकून आम्हांस आनंद झाला. पण सर्वांस झाला नाही. मिस्सेनंतर देवळाच्या आवारात एका पोक्त गृहस्थांनी आम्हांस गाठले.

“काय हो मास्तर, पोरांना तुम्हीच फूस लावली म्हणे?”

“फूस कसली अप्पा, त्यांची त्यांनीच कल्पना काढली.”

“रोझरीला गुडघे टेकायला त्यांना वेळ नाही. आणि दुसऱ्या देवळातल्या पोरांबरोबर चेंडू कुटायला तेवढा वेळ आहे! खेळ तो खेळ, धर्म तो धर्म. दोन्हींची खिचडी कशाला?”

अप्पांचे वय आणि त्यांची भक्ती दोन्ही मोठी. घरात चार पिढ्यांची श्रद्धा आहे, ती सैल पडू नये ही त्यांची तळमळ खोटी नव्हती. आम्ही त्या दिवशी काही तरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. परंतु प्रश्न डोक्यातून गेला नाही. खेळाने धर्मकार्य होते काय? आणि वेगळ्या झालेल्या ख्रिस्ती बांधवांबरोबर मैदानात उतरल्याने आपली श्रद्धा पातळ होते काय? त्याचे उत्तर शोधता शोधता आम्ही कमरीपेठेतून थेट रोमला जाऊन पोहोचलो, आणि तिथे जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहो.

रोम शहरात जगभरच्या धर्मप्रांतांतून गुरुपदाचे विद्यार्थी शिकावयास येतात. त्यांच्यासाठी तिथे अनेक महाविद्यालये आहेत. आठवे अर्बन ह्या परमगुरुस्वामींनी 1627 साली स्थापलेले उर्बानो महाविद्यालय हे त्यांपैकी एक, आणि मिशन देशांतील विद्यार्थ्यांचे ते जुने माहेरघर. आता भारत, श्रीलंका, पाकिस्तान ह्या देशांतला तरुण कोठेही गेला, तरी त्याच्या बोटांतून चेंडू सुटत नाही. रोमचे लोक फुटबॉलचे वेडे. तिथे 2007 पासून धर्मगुरू आणि सेमिनरीतील विद्यार्थी यांच्या फुटबॉल सामन्यांची ‘क्लेरिकुस कप’ नावाची स्पर्धाही भरू लागली. त्यांच्या गर्दीत आपले तरुण महाविद्यालयांच्या अंगणात आपापसांत क्रिकेट खेळत. हे ऑस्ट्रेलियाचे व्हॅटिकनमधील राजदूत जॉन मॅकार्थी यांच्या नजरेस आले. ऑस्ट्रेलियाचा माणूस, त्यात क्रिकेटप्रेमी. त्यांनी ह्या मुलांचा संघ बांधण्याचे मनावर घेतले. व्हॅटिकनच्या संस्कृतीविषयक मंडळाने पाठिंबा दिला, आणि ऑक्टोबर 2013 मध्ये ‘सेंट पीटर्स क्रिकेट क्लब’ जन्मास आला.

ह्या क्लबाच्या कार्यकारी मंडळाचे अध्यक्ष कोण असावेत? गोव्याचे फादर थिओडोर मास्करेन्हस! पिलार येथील संत फ्रान्सिस झेवियर मिशनरी संस्थेचे हे धर्मगुरू त्या वेळी संस्कृतीविषयक मंडळात काम करीत होते. पिलारची संस्था आमच्या सीमाभागातील वाचकांस परकी नाही. गोव्याच्याच धर्मगुरूंनी 1887 साली काणकोण महालातील आगोंद येथे तिची स्थापना केली, मधल्या काळात ती जवळजवळ मालवली होती, आणि 1939 साली पिलारच्या टेकडीवर ती पुन्हा प्रज्वलित झाली. त्या टेकडीवरून निघालेला माणूस रोममध्ये क्रिकेटचा संघ उभारण्यास हातभार लावतो, ह्यात आम्हांस तरी विसंगत काही दिसत नाही. 2014 साली फादर मास्करेन्हस यांची राँचीचे साहाय्यक बिशप म्हणून नेमणूक झाली.

संघात बहुसंख्य मुले भारतीय होती. काही अजून गुरुपदाची वाट चालत होते, काहींस दीक्षा मिळालेली होती. कर्णधार होते इंग्लंडचे फादर टोनी करर. ते व्हॅटिकनच्या ख्रिस्ती ऐक्याविषयीच्या मंडळात काम करीत. आयर्लंडचे फादर एमन ओ’हिगिन्स हे व्यवस्थापक. सकाळी प्रार्थना व मिस्सा, दिवसभर तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान यांचे वर्ग, तेही इटालियन भाषेत. त्यातून सुटीच्या दिवशी शहराबाहेरच्या कापानेल्ले येथील मैदानावर सराव. ज्यांना वाटते की खेळणारा मुलगा अभ्यास बुडवतो, त्यांनी ह्या दिनक्रमाकडे एकदा पाहावे.

पहिलाच परदेश दौरा ठरला इंग्लंडचा, सप्टेंबर 2014 मध्ये. त्याला नाव दिले ‘श्रद्धेचा प्रकाश’. परमगुरुस्वामी फ्रान्सिस यांचे त्याच नावाचे परिपत्रक त्यापूर्वीच्या वर्षी प्रसिद्ध झाले होते. निघण्यापूर्वी संघ परमगुरुस्वामींच्या भेटीस गेला. त्यांनी आशीर्वाद दिला आणि एका बॅटवर आपली सही केली. ते अर्जेंटिनाचे, फुटबॉलवर जीव टाकणारे. त्यांचा आवडता सान लोरेन्सो हा संघ 1908 साली एका धर्मगुरूच्या पुढाकारानेच स्थापन झाला होता. क्रिकेटचे नियम त्यांस कितपत कळत होते कोण जाणे! पण मैदानावर जमलेली पोरे ही मेंढपाळाच्या कामाचीच जागा आहे, एवढे त्यांस पक्के ठाऊक असावे.

दौऱ्यात इतर सामनेही झाले. विंडसर येथे राजवाड्याच्या सेवकवर्गाच्या संघाशीही ते खेळले. परंतु सर्वांचे डोळे लागले होते ते 19 सप्टेंबरच्या सामन्याकडे. त्या दिवशी कँटरबरी येथे सेंट पीटर्सचा संघ आणि चर्च ऑफ इंग्लंडच्या धर्मगुरूंचा संघ समोरासमोर उभे राहिले.

वाचकहो, कँटरबरी ह्या नावापाशी आपण थोडे थांबू या, कारण ह्या गोष्टीचे मर्म तिथेच आहे.

सहाव्या शतकाच्या अखेरीस रोममध्ये थोर संत ग्रेगरी हे परमगुरुस्वामी होते. बीड नावाच्या जुन्या इंग्रज इतिहासकाराने त्यांच्याविषयीची एक आख्यायिका नमूद करून ठेवली आहे. ग्रेगरी पोप होण्यापूर्वी एकदा रोमच्या बाजारातून जात असता त्यांस विक्रीसाठी मांडलेली गोऱ्या वर्णाची, सोनेरी केसांची मुले दिसली. ही कोठली, असे त्यांनी विचारले. उत्तर मिळाले, ही दूरच्या ब्रिटन बेटातील. गुलाम म्हणून विकावयास आणलेल्या त्या मुलांचे चेहरे ग्रेगरींच्या मनातून गेले नाहीत. पुढे अधिकार हाती आल्यावर त्यांनी आपल्याच जुन्या मठातील ऑगस्टीन नावाच्या संन्याशास सुमारे चाळीस सोबत्यांसह त्या बेटाकडे धाडले. वाटेत गॉल देशात त्या मंडळींचे धैर्य खचले. अनोळखी भाषा, रानटी म्हणून ख्यात असलेले लोक. परत फिरावे असे त्यांच्या मनाने घेतले. ग्रेगरींनी त्यांना माघारी येऊ दिले नाही, पत्रे लिहून पुढे धाडले. 597 साली ते केंट प्रांताच्या किनाऱ्यावर उतरले. तेथील राजा एथेलबर्ट ख्रिस्ती नव्हता, पण त्याची राणी बर्था ही होती. राजाने त्यांस ऐकून घेतले, राहावयास जागा दिली, आणि कँटरबरी ही इंग्लंडच्या ख्रिस्तसभेची जननी झाली.

त्याच कँटरबरीच्या महामंदिरात 1170 साली आर्चबिशप संत थॉमस बेकेट यांची राजाच्या सरदारांनी वेदीपासून जवळच हत्या केली. पुढे सोळाव्या शतकात आठव्या हेन्री राजाने रोमशी नाते तोडले. 1534 साली कायदा करून राजा स्वतः तिथल्या चर्चचा प्रमुख झाला आणि चार वर्षांनी संत थॉमस यांची समाधी उद्ध्वस्त झाली. मग किती रक्त सांडले! कॅथलिकांनी प्रॉटेस्टंटांचे सांडले, प्रॉटेस्टंटांनी कॅथलिकांचे सांडले. दोन्हीकडे हुतात्मे आहेत. शेजारी शेजारी राहून एकमेकांच्या देवळात पाऊल न टाकण्याची जी रीत आपल्या हुबळी-धारवाडकडे आली, तिचे मूळ असे दूरचे आहे. इकडे बासेल मिशनचे लोक 1837 साली धारवाडास आणि 1839 साली हुबळीस आले. आपली कॅथलिक मंडळी निरनिराळ्या वाटांनी आली, त्यांत पुष्कळांना तर रेल्वेने आणले. बेळगाव धर्मप्रांत 1953 साली झाला, त्याआधी आपण पुणे धर्मप्रांतात होतो. दोन्हीकडच्या आपल्या पूर्वजांनी ना आठवा हेन्री पाहिला होता, ना कँटरबरी. भांडण मात्र आयते पदरात आले.

तेव्हा 2014 साली रोमहून निघून कँटरबरीस जाणारी ती तरुण मंडळी आमच्या डोळ्यांपुढे उभी राहते, तेव्हा आम्हांस ऑगस्टीन आणि त्याचे चाळीस सोबती आठवल्यावाचून राहत नाहीत. तीच वाट. फरक एवढाच, की ह्या खेपेस शुभवर्तमान घेऊन निघालेल्यांत बहुतेक आपल्या देशाची सावळी मुले होती, आणि ज्यांच्याकडे ती निघाली त्यांच्याच बेटावरून हा खेळ आपल्याकडे आला होता.

आणि आणखी एक योग पाहा. सामन्यातून उभा राहणारा निधी कशासाठी होता? माणसांची खरेदी-विक्री थांबविण्यासाठी. त्याच वर्षी 17 मार्च रोजी कॅथलिक, अँग्लिकन आणि कैरोच्या अल-अझहरचे मुसलमान विद्वान यांच्या प्रतिनिधींनी व्हॅटिकनमध्ये एकत्र येऊन ‘ग्लोबल फ्रीडम नेटवर्क’ हे गुलामगिरीविरोधी कार्य आरंभिले होते. सामना त्याच्या साहाय्यासाठी होता. रोमच्या बाजारातील गुलाम मुलांवरून सुरू झालेली ती गोष्ट चौदाशे वर्षांनी अशी वळसा घेऊन आली.

गुलामगिरी ही पुराणातली बाब आहे असे कोणी समजू नये. आपल्या सौंदत्तीच्या परिसरात देवाच्या नावाने मुली सोडण्याची चाल किती जुनी आणि किती चिवट आहे, हे उत्तर कर्नाटकात राहणाऱ्यास सांगावयास नको. त्याविरुद्ध 1982 साली राज्याला स्वतंत्र कायदा करावा लागला. शहरात कामाला लावतो, परदेशी घरकामाला पाठवतो, असे सांगत खेड्यात येणारे दलाल तर आपल्या ख्रिस्ती घरांच्या दारांतही उभे राहतात. कोणाची लेक कोणाच्या सांगण्यावरून कोठे गेली आणि तिचा फोन येणे कधी बंद झाले, ह्याच्या गोष्टी वाचकांपैकी काहींस आमच्याहून अधिक ठाऊक असतील. आमच्या मुलांनी गरीब मुलीच्या शिक्षणासाठी पैसे जमवावयाचे ठरविले, ते काही रोमचे अनुकरण म्हणून नव्हे. त्यांना त्या सामन्याची वार्ताही नव्हती. पण जी मुलगी शाळेत राहते ती दलालाच्या हाती सहसा लागत नाही, एवढे त्यांना कमरीपेठेत राहूनच कळले होते.

असो. सामन्याकडे वळू. केंट परगण्याच्या संघाचे ते मैदान संत लॉरेन्स यांच्या नावाने ओळखले जाते आणि 1847 पासून तिथे क्रिकेट चालत आले आहे. मैदानाच्या सीमारेषेच्या आत एक मोठे लिंडनच्या जातीचे, म्हणजे इंग्रजांच्या ‘लाइम’चे झाड होते, चेंडू झाडाला लागला की चार धावा, असा तिथला खास नियम. 2005 च्या जानेवारीत वाऱ्याने ते जुने झाड पडले आणि नवे लावले गेले. झाड तोडावयाचे नाही, त्यालाच खेळात सामावून घ्यावयाचे, ही युक्ती आपल्या ओणीतल्या पोरांसही ठाऊक आहे. त्यांच्याकडे विजेच्या खांबाला चेंडू लागला की दोन धावा मिळतात.

वीस षटकांचा सामना झाला. सेंट पीटर्सचा संघ हरला. अँग्लिकन धर्मगुरूंनी सहा गडी राखून विजय मिळविला.

हे वाचून आमचे अप्पा म्हणतील, एवढे आशीर्वाद घेऊन गेले आणि हरूनच आले? होय, हरून आले. आणि आमच्या मते त्या दिवशी जिंकून परतले असते त्याहून बरे झाले. पाहुणा म्हणून पहिल्यांदा कोणाच्या घरी गेलेल्याने यजमानाला त्याच्याच अंगणात पाडावे, ही काही फार शोभेची गोष्ट नव्हे. खेळात हरलेल्याने जिंकणाऱ्याचा हात हातात घेणे, हे चार शतके न जमलेले काम त्या संध्याकाळी दोन्ही बाजूंच्या धर्मगुरूंस सहज जमले. फार मोठे काही घडले असे आम्ही म्हणत नाही. एका सामन्याने ख्रिस्तसभा एक होत नसते. त्यासाठी विद्वानांच्या समित्या दशकानुदशके बसल्या आहेत आणि अजून बसताहेत. वेदीवर एकत्र येता येत नाही, ही वेदना दोन्हीकडच्यांस आहेच. पण ज्याच्याशी कधी बोललोच नाही, त्याच्याशी समेट तरी कसा करावयाचा?

अप्पांनी कोणाच्या परवानगीचा प्रश्न काढला, तर आम्ही त्यांस मागचे दाखले देऊ. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने नोव्हेंबर 1964 मध्ये ख्रिस्ती ऐक्यावर स्वतंत्र आदेशपत्रच काढले. 24 मार्च 1966 रोजी सहावे पॉल आणि कँटरबरीचे आर्चबिशप रॅम्सी रोमच्या संत पॉल महामंदिरात भेटले, तेव्हा परमगुरुस्वामींनी आपल्या बोटातील अंगठी काढून रॅम्सींच्या हाती दिली. 1982 साली दुसरे जॉन पॉल कँटरबरीस गेले आणि संत थॉमस जिथे पडले त्या जागी आर्चबिशप रन्सी यांच्या शेजारी गुडघे टेकून त्यांनी प्रार्थना केली. जे गुडघे एकत्र टेकू शकतात, ते एकत्र धावू शकत नाहीत काय?

क्रिकेटच्याच जगातला एक दाखला आम्हांस विशेष प्रिय आहे. डेव्हिड शेपर्ड हे इंग्लंडकडून 22 कसोटी सामने खेळलेले, काही काळ कर्णधारपदही सांभाळलेले अव्वल फलंदाज. 1955 साली ते अँग्लिकन धर्मगुरू झाले. पुढच्याच वर्षी मँचेस्टर येथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांनी 113 धावा काढल्या. ज्या सामन्यात जिम लेकर यांनी एकट्याने 19 गडी बाद केले, तोच हा सामना. दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदाचा निषेध म्हणून 1960 साली त्यांनी त्या देशाच्या संघाविरुद्ध खेळण्यास नकार दिला. 1975 मध्ये ते लिव्हरपूलचे बिशप झाले. हे शहर म्हणजे कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांच्या भांडणाचे जुने ठाणे. दुसऱ्या वर्षी तिथे कॅथलिक आर्चबिशप म्हणून डेरेक वॉरलॉक आले. ह्या दोघांनी जवळजवळ वीस वर्षे, बेकारीने पोळलेल्या त्या शहरात, खांद्याला खांदा लावून काम केले. लोकांच्या प्रश्नांवर दोघे एका आवाजात बोलत. त्यांपैकी कोणी आपली श्रद्धा सोडली नाही. शेपर्ड अँग्लिकनच राहिले, वॉरलॉक कॅथलिकच.

कँटरबरीच्या सामन्याची पुढची हकीकतही सांगावयास हवी. 2015 साली इंग्लंडच्या यॉर्कशायरमधील मुसलमान खेळाडूंचा माउंट क्रिकेट क्लब रोमला आला आणि सेंट पीटर्सशी खेळला. ऑक्टोबर 2016 मध्ये अँग्लिकनांचा संघ परतीच्या सामन्यासाठी रोमला आला. त्याच दिवसांत परमगुरुस्वामी फ्रान्सिस आणि आर्चबिशप वेल्बी रोमच्या चेलिओ टेकडीवरील संत ग्रेगरींच्या देवळात प्रार्थनेस एकत्र बसले. ज्या मठातून ऑगस्टीन निघाला, तो तिथलाच. आणि ह्या खेपेचा सामना मात्र सेंट पीटर्सने जिंकला! आता परमगुरुस्वामी फ्रान्सिस आपल्यांत नाहीत, 21 एप्रिल 2025 रोजी ते प्रभूकडे गेले. त्यांच्या जागी आलेले चौदावे लिओ हे टेनिस खेळणारे आहेत.

एक कबुली आम्हीही देतो. अप्पांच्या बोलण्यात एक काटा खरा होता, आणि तो आमच्या पायात रुतून बसला आहे. रोमच्या त्या मुलांचा दिवस प्रार्थनेने सुरू होत असे आणि खेळ त्यात बसत असे; आमच्या मुलांच्या दिवसात खेळ आधी बसतो आणि प्रार्थनेस उरलेली जागा मिळते. गदगचे सुनील जोशी, जे पुढे भारताकडून कसोटी क्रिकेट खेळले, ते लहानपणी पहाटे हुबळीस सरावाला येत आणि शाळेच्या वेळेस गदगला परत जात. खेळासाठी एवढे पहाटे उठता येते, तर देवासाठी का येऊ नये? हे आम्ही मुलांस विचारले. त्यांनी थोडी कुजबुज केली. मग कर्णधार झालेला मुलगा म्हणाला, “मास्तर, सामना दुपारी दोनला ठेवू. पाचच्या आत संपला तर रोझरीला येऊ.”

“आणि नाही संपला तर?”

“मग डाव तिथेच थांबवू.”

हे आम्ही अप्पांच्या कानी घातले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी चौकशी केली, तिकडच्या पोरांनाही रोझरीची वाट पाहायला लावणार काय? आम्ही म्हटले, ती मुले बाहेर पायरीवर बसतील, त्यांनी स्वतःच तसे सांगितले आहे. अप्पांनी छत्री उचलली, दोन पावले गेले, आणि वळून विचारले, “सामना कोणत्या रविवारी म्हणालात?”